प्रिंटर दिसत नाही

फोटो स्टुडिओवाल्या बाईंनी पासपोर्टसाठी बाळाचा फोटो काढला, तोवर बाळाची आई घामाघूम झाली होती. मोठ्या मिनतवाऱ्यांनंतर बाळाने एकदाचं समोर पाहिलं होतं. आता फक्त छापायचं बाकी होतं. पण बाईंनी कॉम्प्युटर सुरू केला, तर त्याचं सगळं रूपच पालटलेलं. ओळखीची चित्रं गायब, आणि पडद्यावर एकच प्रश्न: ‘तुम्हाला कोणता रंग आवडतो?’

"अहो, याला काय केलंत?" बाईंनी आतल्या खोलीकडे बघत नवऱ्याला विचारलं.

"काल अपडेट मागत होता, देऊन टाकलं," नवरा कौतुकाने बाहेर आला. "किती छान दिसतोय बघ!"

"तो दिसतोय छान. त्याला प्रिंटर दिसत नाहीये, त्याचं काय?"

नवऱ्याने वायर काढून पुन्हा खुपसली. प्रिंटर शेजारीच होता, पण कॉम्प्युटर काही ओळख द्यायला तयार नव्हता. बाळाने भोकाड पसरलं.

शेवटी बाईंनी फोटो पेनड्राइव्हवर घातला आणि बाळाच्या आईला समोरच्या स्टुडिओत पाठवलं. त्या स्टुडिओवाल्याशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. काचेतून त्याला हसताना बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता तुम्हीच बसा या कॉम्प्युटरपुढे," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि खुर्ची सोडून उठल्या.