परक्याची मशीन

मी वनिता, आमच्या वस्तीची आशाताई, आरोग्याचं काम करणारी. हात कसे धुवायचे, पाणी कसं गाळायचं, गोळ्या कधी घ्यायच्या हे मी दारोदार सांगत फिरते आणि लोक ऐकतातही. घरात मात्र माझं काडीइतकं चालत नाही. याला कारण माझी सासू, सरूबाई.

सरूबाई धारूरच्या घाटाजवळ शहादेवअण्णांच्या खडी क्रशरवर कामाला. खडी वाहणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेली खडी आणि बारीक कच फावड्यानं ओढायची. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त धूळ, नेमकं तिथंच आमचं माणूस उभं. संध्याकाळी घरी येते तेव्हा भुवया, पापण्या, पदर सगळं एकाच रंगाचं. गेल्या उन्हाळ्यापासून खोकला धरलाय. दवाखान्यात चला म्हटलं की उत्तर ठरलेलं. "घशात कायतरी अडाकलंय. निघंल आपसूक."

आणि ही बाई स्वच्छतेची इतकी भोक्ती की विचारू नका. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. माझा मोबाइल पिशवीत. माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलच्या सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक तिनं अजून निघू दिलेलं नाही, बिचारा नवनाथ घामानं त्यावरून घसरतो. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हींवर क्रशरची राखाडी साय बसते. तेव्हा ती धुळीवर चिडत नाही, काचेवर चिडते. काच हलकी दिली म्हणते.

क्रशरवर पाण्याचे फवारे होते, नाही असं नाही. परवानगीच्या वेळी बसवले, चालू केले, फोटो काढले, आणि मग त्यांची मोटार अण्णांच्या सीताफळाच्या बागेत गेली ती गेलीच. नळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांना कामगार जेवणाचे डबे अडकवतात. मी अण्णांना दोनदा बोलले. ते हसून म्हणाले, "ताई, धूळ कुठं हाय? ही डोंगराची हवा हाय. लोक पैशे देऊन खायला येतेत."

म्हणून राजश्री मॅडम भेटल्या तेव्हा मी त्यांना सोडलंच नाही. मॅडम बीडच्या. खदानीत आणि क्रशरवर राबणाऱ्यांच्या छातीत किती धूळ जाते, यावर त्यांचं संशोधन चाललंय. त्यांच्याकडे एक मशीन होती. कमरेला छोटा पंप, त्यातून निघालेली नळी, आणि गळ्यापाशी लावायची एक डबी. माणूस जी हवा घेतो तीच डबी घेते आणि आतल्या पांढऱ्या कागदाच्या चकतीवर धूळ धरून ठेवते. मी मॅडमना थेट क्रशरवर नेलं. अण्णांना माणसं बघत असली की मोठेपणाचा सोस. सगळ्यांदेखत त्यांनी छाती पुढे काढली.

"मोजा की. तुमची मशीन धूळ हाय म्हनली, तर बागंतली मोटार दुसऱ्या दिवशी हितं. शहादेवची जबान हाय."

क्रशर चालवणारा मुबीन हे ऐकून माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, जिंकलं. मशीन अर्थातच सरूबाईला लावायची ठरली. मॅडम डबी अडकवत म्हणाल्या, "आजी, दिवसभर काढायची नाही. आणि जरा जपा हं. आमची एक मशीन धुळीनं आधीच खराब झालीय. फार महाग असते."

सरूबाईनं मान डोलावली. मॅडम खदानीकडे गेल्या, मी लसीकरणाला गेले. संध्याकाळी मॅडमनी मशीन नेली.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "वनिताताई, चकती जशी नेली तशीच पांढरी आहे. एवढी स्वच्छ हवा माझ्या ऑफिसातसुद्धा नाही. काहीतरी चुकलंय, पुन्हा मोजावं लागेल."

पण अण्णांनी त्यांना आधीच फोन करून निकाल काढून घेतला होता. आणि आमच्याकडे आनंद झाला की माणूस फ्लेक्स लावतो. क्रशरच्या फाटकावर हा भलामोठा फ्लेक्स चढला. मधोमध काळा चष्मा घातलेले, हात जोडलेले अण्णा. वर लिहिलेलं, 'शुद्ध हवा, मजबूत खडी'. आणि खालच्या कोपऱ्यात, मशीन लावताना काढलेल्या फोटोतली, गळ्यात डबी घातलेली सरूबाई! आयुष्यात पहिल्यांदा फ्लेक्सवर आली म्हणून बाई अशी खूश की दोन दिवस खोकलीसुद्धा नाही, निदान माझ्यासमोर. वस्तीतल्या बाया तिला 'पुढारीणबाई' म्हणायला लागल्या. मी मात्र आतून धुमसत होते. मशीनही अण्णांना फितूर झाली म्हणायची.

आठवडा उलटायच्या आत फ्लेक्सवरच्या अण्णांचा चष्मा गेला. मग मिशा गेल्या. 'शुद्ध हवा' पुसट झाली. राखाडी पडद्याआडून नुसते जोडलेले हात दिसायचे. टिप्परवाले फाटकाशी थांबून मुबीनला विचारायचे, "ह्यो कोन साधू बसवला बे?" अण्णांच्या कानावर गेलं तसं त्यांनी फर्मान काढलं, की सरूबाईनं रोज सकाळी काम सुरू करण्याआधी शिडीवर चढून त्यांचं तोंड पुसायचं.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. "घरात तसबिरी पुसायच्या, तिकडं अण्णाचं थोबाड पुसायचं! इतकी धूळ हाय, आन ती रांड मशीन म्हनती न्हाई! खोटारडी कुठली."

सरूबाईला राग आला. मशीनचा अपमान तिला सहन झाला नाही. "तिला नावं ठिवू नको, वनिते. लई गुनाची मशीन. मी दिसभर तिला धुळीचा कन लागू दिला न्हाई."

"म्हंजी?"

"डबीला पिशवी बांदलती की. साडीच्या दुकानातली, जाड. सांजच्याला बाई याच्या आदी सोडून ठिवली." ती अशा अभिमानानं सांगत होती की जसं काही मॅडमचं बाळ सांभाळलं. "बाई म्हनली जपा. मग जपाया नगं?"

मला हसू आलं, आणि हसता हसता असा संताप आला की हातातला तांब्या मी आपटला. "आवो आत्याबाई, मशीनीला पिशवी बांदली, आन सोताच्या नाकाला साधा पदर कावून न्हाई बांदला?"

"ती परक्याची वस्तू, पोरी. खराब झाली तर नाव कुनाचं जाईल?"

"आन तुमी कुनाच्या?"

"मी घरचीच हाय की," ती म्हणाली, आणि खोकत खोकत भाकरी थापायला बसली.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली, चांगली हमसून रडले. ही बाई मला नको तितकं टोचून बोलते, पण तिच्यावाचून हे घर मला कल्पनेतही नको.

मॅडमना फोन केला. आधी त्या हसल्या, मग म्हणाल्या, उद्याच येते. दुसऱ्या दिवशी त्या मशीन घेऊन हजर. अण्णा मानायला तयार नाहीत. "एकदा मोजलं, झालं. रोज रोज काय पोरखेळ?"

फाटकात टिप्परची रांग होती, सगळे ऐकत होते. मी फ्लेक्सकडे बोट केलं. "अण्णा, मशीनीवर पिशवी व्हती. तुमच्या तोंडावर न्हवती. आता तुमचं तोंड खरं धरायचं का मशीन, तुमीच सांगा."

मुबीन पहिला हसला, मग रांगच्या रांग हसली. सरूबाईनं नुकतंच पुसलेलं अण्णांचं तोंड वर फ्लेक्सवर पुन्हा पांढुरकं व्हायला लागलं होतं. खाली उभ्या अण्णांचं लाल झालं. "मोजा," ते म्हणाले.

त्या दिवशी मशीन उघडी फिरली. सरूबाईचा जीव तिळतिळ तुटत होता, सारखी पदरानं डबी पुसायला जायची आणि मी ओरडायचे. संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांसमोर डबी उघडली. चकती चुलीतल्या राखेसारखी झाली होती.

सरूबाई पुढे आली. निरखून बघत राहिली. "ह्ये एका दिसाचं?"

"हो आजी. एका दिवसाचं."

मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मंग आदीचं समदं कुठं गेलं गं?"

अण्णा जमिनीकडे बघत राहिले.

मोटार बागेतून परत आली. फवाऱ्याखाली डबे भिजले म्हणून मुबीननं कुरकुर केली, तेवढीच. फ्लेक्स उतरवून पट्ट्यावर झाकण म्हणून बांधला, छापील बाजू आत. आता अण्णा दिवसभर क्रशरची हवा खातात. सरूबाईला मात्र मी त्या पट्ट्याखाली पुन्हा उभं राहू दिलं नाही. आता ती धुळीपासून लांब, फवाऱ्यांच्या पाण्याच्या कॉकपाशी बसते, आणि धूळ दिसली की अण्णांची गाडीसुद्धा धुवून काढते.

बीडला नेऊन तिच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, डाग आहेत, पण वेळेत आलात, आता धुळीत जायचं नाही. एसटीत ती तो फोटो उजेडाकडे धरून बघत होती. धारूर जवळ आलं तशी तिनं कनवटीची घडी सोडली. आत तीच साडीच्या दुकानातली पिशवी होती. फोटो तिनं त्यात नीट घातला आणि तोंडाला गाठ मारली.

"कावून?" मी विचारलं. "ह्ये बी परक्याचं हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "ह्ये माजं हाय."