सीटमागचा दिवा

"गाडीला काही जोडलंयस का? खरं सांग."

"काही नाही मामा. आईशप्पथ."

"मागच्या दोन्ही वेळीही आईशप्पथच होती."

ड्रायव्हर खाली बघत राहिला. ट्रक गॅरेजच्या दारात उभा होता, टोचन लावून ओढत आणलेला. बॅटरी पुन्हा बसली होती.

मामांचं खरं नाव त्या रस्त्यावर कुणाच्या लक्षात नव्हतं. ट्रकच्या वायरिंगमध्ये हयात गेली, पण स्वतःच्या डोक्याचा फ्यूज कधी उडेल याचा नेम नाही, म्हणून सगळे फ्यूजमामा म्हणत. आज तर सकाळीच उडाला होता. ट्रान्सपोर्टच्या मालकाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आज गाडी नीट झाली नाही, तर माझ्या सगळ्या गाड्या समोर जातील." समोर म्हणजे रस्त्यापलीकडच्या नव्या गॅरेजात. आणि मामांचं घर चालत होतं ते याच मालकाच्या गाड्यांवर.

पहिल्या वेळी मामांनी स्टार्टर उलगडला होता. दुसऱ्या वेळी चार्जिंग तपासलं, टर्मिनलं घासून चकचकीत केली. दोन्ही वेळा गाडी झकास सुरू होऊन गेली आणि दोन्ही वेळा मामा तोंडघशी पडले. आज त्यांनी दोन्ही बॅटऱ्यांमधली जोडपट्टी काढली आणि एकेक वेगळी तपासली. एक भरलेली निघाली. दुसरी पार बसलेली.

"एकाच दिवशी बसवलेल्या, एकमेकींना जोडलेल्या," मामा पुटपुटले. "मग हिच्यातूनच कोण ओढतंय?"

जाड केबलच्या मागे त्यांना एक बारीक काळी वायर सापडली. दिसू नये म्हणून तिला वरून ग्रीस फासलेलं होतं. मामांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ही वायर लपवणाऱ्याने त्यांना दोनदा गाडीखाली आडवं झोपवलं होतं! वायर चासीच्या सांगाड्यावरून केबिनमध्ये शिरत होती आणि सीटच्या मागे पडद्याआड जात होती.

ड्रायव्हर घाईघाईने आडवा आला. "मामा, तिथे काही नाही. राहू द्या ना."

"बाजूला हो!"

मामांनी पडदा खस्सकन ओढला.

मागच्या फळीवर एक बाई बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर चादरीची घडी आणि ओंजळीत त्याच वायरला जोडलेला एक विझलेला बल्ब. कुठल्याशा जुन्या गाडीच्या ब्रेकलाइटचा असावा. तिने मामांकडे बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"आलात का? कधीचा गेलाय दिवा. लावून द्या की."

मामांच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच अडकली.

"माझी बायको," ड्रायव्हर मागून म्हणाला. "सगळं विसरत चाललीय. घरी दुसरं कुणी नाही, ठेवू कुणाजवळ? उजेड असला की ओळखते मला. अंधार झाला की परका माणूस समजून किंचाळते. गाडीत कुणाला घेतलेलं मालकाला चालत नाही. मागे एकाला याच कारणावरून काढलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं? मी काय वेडा म्हणून तुझा स्टार्टर खोलत बसलो?"

"तुम्ही मालकाला सांगितलं असतं तर?"

तापलेल्या डोक्याने मामांनी नक्कीच सांगितलं असतं.

"एकीतूनच ओढतोस?" ते उगाच आवाज चढवून म्हणाले. "जोडी आहे ती. सगळा भार एकीवर टाकला की ती बसते आणि दुसरीलाही घेऊन जाते. एवढी अक्कल नाही?"

बडबडतच त्यांनी ती वायर उपटली. चार्ज केलेली बॅटरी बसवली. कमी वीज खाणारा छोटा पांढरा दिवा दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून जोडला, मध्ये फ्यूज घातला आणि फळीजवळ हाताशी येईल असं बटण लावलं.

"वहिनी, हे दाबा."

बाईने बटण दाबलं. फळीवर उजेड पडला. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही कधी आलात? दमलात का?"

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मालक होता. "काय निघालं शेवटी?"

ड्रायव्हरने केबिनचं दार घट्ट धरलं. मामांनी रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे एकदा बघितलं.

"माझाच जॉइंट," ते म्हणाले. "दोन्ही वेळा सैल राहिला."

"म्हातारे झालात मामा."

"झालो असेन."

फोन बंद झाला. ड्रायव्हर काहीतरी बोलायला गेला, तसे मामा त्याच्यावर खेकसले, "बघतोस काय? निघ! पुन्हा वायरला हात लावलास तर याद राख."

त्यानंतर मालकाच्या गाड्या समोर जायला लागल्या. मामांची चिडचिड वाढली. चहा गार आहे, पाना जागेवर नाही, काहीही कारण पुरायचं.

एका दुपारी तोच ट्रक समोर ग्रीसिंगला लागला. बराच वेळ उभा होता. सीटमागचा पडदा लावलेला होता आणि त्याच्या कडेने पांढऱ्या उजेडाची रेघ दिसत होती.

"दिवसाढवळ्या जाळतोय, गाढव," मामा म्हणाले. ऐकायला गॅरेजात कुणी नव्हतं.

संध्याकाळी ड्रायव्हरने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मालक तिथेच होता. नव्या मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारत तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमच्याकडे यायला लागल्यापासून एकदा बॅटरी बसली नाही. याला म्हणतात हात!"

मामांनी पाना खोक्यात आपटला. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.