दोन कानांचा वाडगा

लेकीने काचेवर दोन्ही तळवे टेकवले, तशा संग्रहालयाच्या बाई लगबगीने आल्या.

"अहो, काचेला हात नका लावू."

"माझाच आहे तो. म्हणजे मीच दिलाय, मागच्या वर्षी."

काचेआड लाकडी वाडगा होता. दोन बाजूंना दोन कान, तळाशी करपल्याचा डाग. पाटीवर लिहिले होते : 'स्थलांतरितांच्या घरातील जेवणाचे भांडे.' एवढेच. लेकीच्या माणसांत या वाडग्यातून कुणी एकटे जेवत नसे. एक कान वाढणाऱ्याने धरायचा, दुसरा जेवणाऱ्याने, हे पाटीवर नव्हते. लिहून देताना लेकच विसरली होती.

"तीन दिवस झाले, आईच्या पोटात काही नाही. चमचा पुढे केला की दात घट्ट. नळी घातली तर ओढून काढते. यातून दिलं तर घेईल कदाचित, तासाभरासाठी द्या हो."

"वस्तू बाहेर जात नाही. अर्ज करा. पुढच्या आठवड्यात समिती बसेल."

"तुमची समिती बसेपर्यंत माझी आई राहायची नाही, बाई."

"देताना कागद वाचला होतात ना?"

"कसला वाचतेय! पेपरात फोटो येणार म्हणून हुरळले होते. आई म्हणाली, मी जेवू कशात? तर हसले मी. नवीन बशी आणून दिली तिला."

बाई किल्ल्यांचा जुडगा बोटांत फिरवत राहिल्या.

"बाहेर नाही देता येणार," त्या हळूच म्हणाल्या. "पण आईंना इथे आणता येईल?"

दुपारी दालन बंद करून घेतले. चाकाच्या खुर्चीत म्हातारी शालीत हरवून गेली होती. बाईंनी हातमोजे घालून वाडगा आणला. लेकीने थर्मासमधले कोमट सूप त्यात ओतले, तेव्हा बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

म्हातारीच्या बोटांनी एक कान अचूक शोधला. लेकीने दुसरा धरला. म्हातारीने वाडगा लेकीच्याच तोंडाकडे ढकलला.

"आधी तू घे. केवढी वाळलीयस!"

तीन दिवसांतले हे पहिले शब्द. लेकीने घाईने घोट घेतला.

"आता तू, आई."

म्हातारी तिच्याकडे निरखून पाहत होती, शेजारच्या घरातल्या पोरीकडे पाहावे तशी.

"तुझी आई जेवली का गं?"

लेकीने वाडगा जरा खाली घेतला.

"नाही. तीन दिवस झाले."

"अगं बया! आणि तू इथे बसून काय करतेयस?" म्हातारीने कान सोडून दिला. "जा, हे तिला नेऊन दे. माझं काय, मी जेवेन मागाहून."

"आजी, दोन घोट तरी घ्या," बाई म्हणाल्या.

म्हातारीने ओठ मिटून घेतले.

बाईंनी वाडगा परत घ्यायला हात पुढे केले. लेकीने मान हलवली. दोन्ही कान एकटीनेच धरून ती दालनाबाहेर गेली. बाईंनी तिला अडवले नाही. तिच्यामागे दार आपोआप लागले.

व्हरांड्यात तिने खांद्याला डोळे पुसले. सूप हिंदकळत होते, ते स्थिर होईपर्यंत थांबली. मग कोपराने त्याच दारावर दोनदा ठोठावले.

"आई," ती बाहेरून म्हणाली, "मी आलेय गं. जेवायला आणलंय."