बाराव्या मीटरवरचा ठिपका

क्लबात त्याला सगळे चुनेकाका म्हणायचे. चुना जाऊन मैदानावर पांढरा रंग आला त्यालाही बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. गवत कापायचं, पाणी मारायचं, रेषा ओढायच्या आणि ओल्या रेषेवर कुणी पाय दिला की त्याच्यावर खेकसायचं, हे त्याचं काम. त्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

सीझन सुरू व्हायच्या आधी क्लब दरवर्षी मुलींच्या चार टीमांची एक दिवसाची स्पर्धा भरवायचा. मैत्रीचे सामने म्हणायचे. कप एवढासा, त्यात चहासुद्धा मावला नसता. पण यंदा आठवडाभर काकाचं कामात लक्ष नव्हतं, कारण त्याची लेक गोलकीपर. मेन टीममध्ये कीपरची जागा एक आणि मुली दोन. दुसरीला कोचबाईंनी गेल्या आठवड्यात खेळवून बघितलं होतं. आज हिची पाळी. संध्याकाळी क्लबहाउसच्या दारावर यादी लागणार होती.

सकाळची मॅच क्लबने एका गोलने जिंकली. त्यातही शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांना पेनल्टी मिळाली. त्यांची ती उंच स्ट्रायकर पळत आली, सणसणीत मारली, आणि लेकीने उजवीकडे झेप घेऊन बॉल बाहेर ढकलला. सगळं स्टँड उठून उभं राहिलं. कोचबाईंनी डायरी काढून काहीतरी लिहिलं. काकाने डोळे पुसले आणि बादलीत वाकून रंग ढवळायचं नाटक केलं.

मॅच संपल्यावर लेक बाजूने गेली तेव्हा तो म्हणाला, झकास. ती नुसतं हं म्हणाली. त्याच्याकडे बघितलंही नाही. दुपारी डबा खायलाही आली नाही. काकाला वाटलं, टेन्शन असेल. बापालाच झोप नाही, तर तिचं काय होत असेल.

म्हणून स्टँडखालच्या खोलीत, गवताच्या मशीनशेजारी, तो आणि मेहुणा दोघंच जेवायला बसले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बस चालवायचा, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा ठाम समज. काकाचा गुडघा सुजलेला, म्हणून दोन दिवस मदतीला आला होता. अंड्याचं साल काढता काढता तो सहज म्हणाला, "भाऊजी, तुमची ती टेप माझ्या बरोबर लक्षात होती बरं का. न सांगता एक वाढवला मी."

काकाच्या हातातला पाव हातातच राहिला.

या टेपची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी मशीनने तिचा पहिला मीटर खाल्ला. नवी घ्या म्हणून काकाने सेक्रेटरीला तीनदा सांगितलं, तीनदा तो बघू म्हणाला. मग काकाने आपली रीत बसवली. टेप एकच्या आकड्यापासून धरायची आणि हव्या त्या मापात एक मिळवायचा. अकरा मीटर हवे तर बारावर खूण. इतकी सवय झाली होती की हा हिशोब तो मनात करायचा आणि तोंडाने बाराच म्हणायचा.

क्लबहाउसच्या बाजूचा पेनल्टीचा ठिपका दर सीझनला उकरून निघायचा. तिथे खड्डा पडायचा. यंदा काकाने तिथे नव्या गवताची लादी बसवली, त्यामुळे ठिपका अकरा मीटरवर नव्याने मोजावा लागला. गुडघा वाकेना, म्हणून काका गोलरेषेवर एकचा आकडा दाबून बसला आणि टेप घेऊन मेहुणा आत गेला. त्याने किती म्हणून विचारलं, काका म्हणाला बारा. मेहुण्याने आपली अक्कल चालवली आणि तेरावर ठिपका मारला.

"म्हणजे बारा मीटर," काका म्हणाला.

"मग बाराच सांगितलं होतं ना तुम्ही?"

काकाने पाव डब्यात ठेवला. त्याच्या डोक्यात एकच चक्र सुरू झालं होतं. सकाळची पेनल्टी त्याच ठिपक्यावरून मारली होती. मीटरभर लांबून म्हणजे कीपरला डोळ्याची एक उघडझाप जास्त. आणि गोलात त्याचीच पोरगी. हे बाहेर आलं तर लोक मेहुण्याचं नाव घेणार नव्हते. बापाने लेकीसाठी मैदान वाकडं केलं, असंच म्हणणार होते.

फायनल सुरू झाली तरी काकाला खेळ दिसेना, ठिपकाच दिसत होता. हाफटाइमला तो ब्रश आणि बादली घेऊन उठलाही. खरा ठिपका मारून टाकावा, कुणाला कळतंय. पण नव्या गवतात मुरलेला रंग निघणार नव्हता. एकाच्या पुढे एक असे दोन ठिपके बघून आंधळ्यानेही विचारलं असतं. तो परत बसला.

आता एकच मागणं होतं. पेनल्टी नको. दोघांपैकी कुणीही जिंको, पण सरळ जिंको. पाहुण्यांनी गोल केला तेव्हा काकाला चक्क बरं वाटलं, मग त्याचीच त्याला लाज वाटली. शेवटच्या दहा मिनिटांत क्लबने बरोबरी केली. स्टँड नाचायला लागलं. बरोबरी राहिली तर पेनल्ट्या, आणि त्या कुठल्या बाजूला मारायच्या हे सेक्रेटरीने सकाळीच माइकवरून सांगितलं होतं. क्लबहाउसच्या बाजूला. खुर्च्या तिकडे होत्या ना.

शिट्टी वाजली. एक-एक. रेफरी बॉल काखेत मारून त्या ठिपक्याकडे निघाला. लेक ग्लोव्हज ओढत गोलकडे चालली होती, मान खाली घालून. काकाने खिशातली टेप चाचपली. गप्प बसलं तर तिला जागा मिळेल, हे त्याला दिसत होतं. ही जागा तिला आयुष्यभर कशी बोचेल, हेही दिसत होतं. तो उठला आणि लंगडत सरळ मैदानात शिरला. बाजूच्या रेषेवर त्याचा पाय पडला, तेही त्याला कळलं नाही.

"साहेब, थांबा. हा ठिपका चुकलाय. अकराच्या जागी बारा मीटरवर आहे. चूक माझी."

सेक्रेटरी धावत आला. "काका, काय बोलताय कळतंय का? गोलात तुमचीच मुलगी आहे."

"म्हणून तर बोलतोय."

रेफरीने मापायला सांगितलं. काकाने टेप धरली, रेफरीने ठिपक्यावर वाचलं. तेरा. सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. काका म्हणाला, एक वजा करा, पहिला मीटर मशीनने खाल्लाय. मग सेक्रेटरीकडे बघून म्हणाला, "तीनदा सांगितलं होतं तुम्हाला." सेक्रेटरी बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

स्टँडमध्ये सकाळची ती उंच स्ट्रायकर उभी राहिली आणि मैत्रिणींना म्हणाली, मी सकाळपासून काय बोंबलतेय. रेफरीने निकाल दिला, सकाळची मॅच झाली ती झाली, आता पेनल्ट्या दुसऱ्या बाजूला. तिथवर आलेल्या कोचबाईंनी डायरी उघडली आणि सकाळची ओळ खोडली. पेनची ती खरखर काकाने ऐकली.

सगळे पलीकडे निघाले. लेक मात्र त्याच्यासमोर येऊन थांबली.

"मला सकाळीच कळलं होतं, बाबा. बॉल यायला जास्त वेळ लागला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हीच केलंय. माझ्यासाठी." ती ग्लोव्हचा पट्टा उघडत, लावत होती. "तुमच्या तोंडाकडे बघवेना मला. आणि तुमचं नाव सांगवेना."

काकाने टेप खिशात कोंबली. एवढंच म्हणाला, "तुझ्या मामाने केलं. हुशारीत."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग पळत पलीकडच्या गोलात जाऊन उभी राहिली.

पहिल्या तीन पेनल्ट्यांना तिला हातही लावता आला नाही. प्रत्येक वेळी काकाच्या गुडघ्यातून कळ गेली. चौथी मधोमध आली. ती डावीकडे पडली होती, पण मागे राहिलेल्या पायाला लागून बॉल उडाला. कोचबाईंनी डायरी उघडली. पुढे क्लबच्याच दोघींनी बॉल गोलच्या दांड्यावर मारले आणि तो एवढासा कप पाहुण्यांच्या बसमधून गेला.

यादी लागली तेव्हा काका लांबच थांबला. मेहुणा वाचून आला आणि त्याने नुसती मान हलवली, वरून खाली. कोचबाई जाता जाता म्हणाल्या की पोरीला उद्यापासून सहाला प्रॅक्टिस, आणि ठिपका तेवढा आजच नीट करा.

ऊन उतरायच्या आत तिघं परत त्या गोलपाशी गेले. मेहुण्याने टेपला हात घातला. काकाने त्याच्या हातात बादली दिली. लेक गोलरेषेवर बसली.

"कितीवर धरलंयस?" काकाने टेप ओढत विचारलं.

"एकवर."

"बरं. आता वाढवायचं ते मी वाढवणार. दोघंही गप्प बसा."