दारातला ओटा

अठरा वर्षं मी आणि नूतन शेजारीशेजारी बसून मासळी विकतो, आणि अठरा वर्षं भांडतो. कारण एकच. अलिबागजवळच्या आमच्या बाजारात शिरलं की पहिला ओटा तिचा, दुसरा माझा. गिऱ्हाईक आत पाय ठेवतं ते तिच्या पापलेटांसमोर. माझ्या वाट्याला येतं ते भाव विचारून पुढे सरकणारं. ओटा तिला सासूकडून मिळाला, यात तिची काय कर्तबगारी? हे मी तिला तोंडावर सुनवायची. तीही काही ऐकून घेणारी नाही.

बायकांची छाती तपासणारं आरोग्य शिबिर आलं तेव्हा तिला मीच ओढून नेलं, कारण एकटीने जायला मला लाज वाटत होती. माझं काही निघालं नाही. तिच्या उजव्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ सापडली. मुंबईला तुकडा काढून तपासला तर कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर कळलंय, गाठ काढू, मग काही आठवडे किरणं देऊ, बरी होशील. पण आता दिवस ढकलू नकोस. ऑपरेशनची तारीखही मिळाली.

"मी नाय जात," नूतन म्हणाली.

मला वाटलं, घाबरली. कोण नाही घाबरत? पण तिचा जीव अडकला होता ओट्यात. आमच्या बाजाराचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. पंधरा दिवस ओटा रिकामा राहिला की तो रांगेतल्या पुढच्या बाईचा. नुसती टोपली ठेवून भागत नाही. बाई बसली पाहिजे, मासळी विकली पाहिजे. नूतनचा नवरा वारलेला, मुलगा विनेश बोटीवर, सून अजून यायची. बसणार कोण? आणि ओटा गेला तर बरी होऊन खाणार काय?

"मी राखते," मी म्हटलं.

ती हसली. तपासणी झाल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि तेही माझ्यावर. "तू? तुजा तं डोला हाय त्याच्यावर, तुलशे."

राग आला, पण खोटं काय बोलली? डोळा होताच माझा. कित्येकदा तिच्या जागी मनातल्या मनात बसून पापलेटं मांडली होती मी. मला स्वतःचीच शिसारी आली. घरी जाऊन मी माझा कोयता आणला, आईने दिलेला, तिच्याच हातात झिजलेला. आमच्यात बाई कोयता दुसरीच्या हातात देत नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तो मी नूतनच्या मांडीवर ठेवला. "येशील तवा परत दे. तवर तुजा कोयता मी वापरते."

ती कोयत्याकडे बघत राहिली. मग रडली. मग पिशवी भरायला लागली. तारखेच्या आदल्या दिवशी विनेश तिला मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला घेऊन गेला.

माझा हिशेब सोपा होता. ओटे लागून आहेत, हात लांब करून दोन्ही सांभाळीन. चूक झाली ती तिथेच. आमची म्होरकी सोनूबाई सत्तरीची, तिच्यापुढे कोणी ब्र काढत नाही. पहिल्याच सकाळी ती समोर उभी राहिली. "एक बाय, एक ओटा. कनच्या ओट्यावर बसतंस ते सांग."

मी नूतनच्या ओट्यावर बसले.

सोळाव्या दिवशी माझ्या ओट्यावर कोकिळा आली. सात वर्षं रांगेत होती बिचारी, तिला काय बोलणार? पण बाजाराला बोलायला विषय मिळाला. तुळशीने अखेर दार गाठलं म्हणे. नूतन मरायच्या आत तिची जागा खाल्ली म्हणे. मी दोघींना शिव्या घातल्या, तिसरीला पाणी फेकून मारलं. बाकीच्यांना काय काय सांगत बसू?

चुगली मुंबईपर्यंत पोचलीच. नूतनचा फोन आला. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, किरणं नुकती सुरू झाली होती.

"बसलीस ना माज्या जागेवर?"

"बसले."

"गिऱ्हाईक तुटून पडत असंल."

"येतंय. तुला काय करायचंय? पुरी बरी हो आनि भांडायला ये."

तिने फोन आपटला. नंतर विनेश मला फोनवर सांगत होता, किरणांच्या मधल्या आठवड्यात आई थकून गेलेली, नको म्हणत होती. पण तुळशीमावशीचं नाव काढलं की उठून बसायची. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझ्या ओट्याचं मात्र मी त्याला सांगू दिलं नाही.

ती गेल्यापासून अडीच महिन्यांनी एका सकाळी ती बाजाराच्या दारात उभी. वाळलेली, उजवा हात जपून धरलेला, डाव्या हातात फडक्यात गुंडाळलेला माझा कोयता. भांडायची सगळी तयारी करूनच आली होती.

"उठ," ती म्हणाली.

मी उठले. टोपली उचलली. आणि मग तिने पाहिलं, की उठून मला जायला जागाच नाही. शेजारी कोकिळा खाली मान घालून कोळंबी सोलत होती.

नूतन एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"कवापासून?"

"पंधरा दिवसांचा नियम हाय ना," मी म्हटलं.

ती ओट्यावर चढली आणि भिंतीला खेटून बसली. "सरक. बस इथं."

सोनूबाई पुढे आलीच. "एक बाय, एक ओटा, नूतन."

"मना ठावं हाय. डॉक्टर बोलले, या हाताला जखम होऊ देऊ नको, जड उचलू नको. आता मना कापायला हात नाय, आनि हिला गिऱ्हाईक बोलवायला तोंड नाय, नुसत्या शिव्या येतात. दोघींची मिलून एकच बाय व्हते, सोनूआय. मोजून बग."

सोनूबाईने आम्हाला बराच वेळ न्याहाळलं. मग ती आपल्या ओट्यावर जाऊन बसली.

नूतनने फडकं सोडून कोयता माझ्या हातात दिला. दारात बाहेरगावची एक बाई पापलेट बघत होती. "घे गो बाय, ताजा हाय," नूतनने हाक दिली. "आमची तुलशी कापून देते."