भिंगरीला पळायचं होतं

रातपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी गरम चहा हवा असतो आणि डोळे मिटायला जरा शांतता. राहू गावच्या मल्हारला चहा मिळायचा, शांतता मात्र नशिबात नव्हती. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतून तो घरी टेकला, की दारातल्या लिंबाला बांधलेली भिंगरी साखळीसकट उड्या मारायला लागायची. भुंकून भुंकून तिचा घसा बसायचा, पण ती थांबायची नाही.

मल्हारच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. वडील गेणबा यांनी अर्धं आयुष्य कळपामागं चालून काढलं होतं. पुढं विहिरीला पाणी लागलं, ऊस उभा राहिला आणि मेंढरं विकली गेली. कळपाच्या कुत्र्यांच्या वंशातलं हे शेवटचं पिल्लू तेवढं घरात राहिलं. लांब पायांची, सडपातळ, डोळ्यांत नुसती घाई.

दोन वर्षांत तिनं काय काय केलं नव्हतं! चपला फाडल्या, मिरचीचे वाफे उकरले, शेजारच्या कोंबड्या धरल्या. कोंबड्यांवरून भांडण झालं, तेव्हापासून ती साखळीला होती.

"अवो, दिसभर एका जागी गोल गोल फिरतीया," मल्हारची बायको साधना म्हणायची. "बघवत न्हाई मला. जरा फिरवून आणत जावा की."

"आठ तास मशिनीपुढं उभा ऱ्हातो मी. आता कुत्रीमागं पळू?" मल्हार पांघरूण ओढून घ्यायचा.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली. ती नवी नव्हती. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ती रस्त्यावर पाहिली असेल, पाहून कौतुकानं हसलोही असू. त्यानं भिंगरीच्या गळ्यात लांब दोरी बांधली, दुसरं टोक मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि गाडी खुटबावच्या रस्त्याला लावली. गाडी पुढं, भिंगरी मागं! घरी परतल्यावर ती जीभ बाहेर काढून निपचित पडली, आणि मल्हारला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

गेणबांना ते पटलं नाही. "ती दमली म्हून गप पडली न्हाई, मल्हार. तिचं पाय बघ. तळवं सोलल्यात."

"आबा, तुमच्या टायमाला कुत्री दिसभर चालतच व्हती का न्हाई?"

"चालत व्हती. पर तिला वाटंल तवा थांबत व्हती, वाटंल तवा पाणी पीत व्हती. हिला थांबायची सोय हाय का?"

मल्हारनं ते कानाआड केलं. साधनानं तळव्यांना हळद-तेल लावलं. दोन दिवसांनी गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

उसाचा हंगाम होता. खुटबावच्या अलीकडच्या वळणावर समोरून उसानं लादलेला ट्रॅक्टर आला, स्पीकरवर गाणी लावून. भिंगरी बिचकली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उधळली. दोरी रस्त्यावर आडवी ताणली गेली, आणि त्याच क्षणी पलीकडून सावळाराम दूधवाला सायकलवर आला. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. दोरी सायकलच्या चाकात गेली. म्हातारा कॅनसकट डांबरावर आपटला. मल्हारची गाडीही कलंडली. दूध वाहत वाहत ओढ्याकडं गेलं, आणि त्या पांढऱ्या थारोळ्यात सावळारामचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता.

भिंगरी रक्ताळलेल्या पायांनी उभी थरथरत होती. मल्हारनं उठल्याबरोबर पहिली लाथ तिला मारली!

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचं मत बनलं होतं. कुत्री पिसाळल्यागत झाली आहे. कुत्री घातकी आहे. चावडीपुढं जमलेल्यांतले बबनराव म्हणाले, "तिला लांब कुठंतरी सोडून ये, न्हाईतर आम्हाला भाकरीतनं काय घालायचं ते घालू दे." मल्हारनं मान डोलावली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. सगळा दोष चार पायांच्या प्राण्यावर गेला होता आणि त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दौंडला दवाखान्यात गेला. सावळारामच्या पायात सळई घातली होती. उशाशी त्याची बायको धुरपदा बसली होती. मल्हारला पाहताच तिनं तोंड फिरवलं.

"मामा, चुकी झाली. पर आता काळजी करू नगा. कुत्री उद्या सोडून येतो, कायमची."

सावळारामनं त्याच्याकडं मान वळवली. मग म्हणाला, "पाय माझा मोडला. मग कुणाला काय शिक्षा करायची, ते मला इचारलं का रं गावानं?"

"म्हंजी?"

"कुत्रीला गाडीला कुणी बांधलं?"

"मीच. पर मामा, तिच्या अंगात रगच लई. पळवल्याबिगर ती गप बसत न्हाई."

"पळवावं की! तरणं जनावर पळणारच. पर तुला चालायचा कंटाळा, म्हून तू तिच्यापुढं इंजिन लावलंस. रस्ता काय तुझ्या दारातलं अंगण हाय? तिथनं साळंची पोरं जात्यात, डोक्यावर भारा घिऊन बाया जात्यात. मी म्हातारा मिळालो म्हून बरं. एखादं लेकरू असतं तर?"

मल्हार जायला वळला, तसा सावळाराम पुढं म्हणाला,

"तू तिला सोडशील, आन् उद्या दुसरं पिल्लू आणशील. त्येलाबी तसंच बांधशील. मग माझ्या पायाचा उपेग काय झाला?"

हे शेवटचं वाक्य मल्हारला झोंबलं. पण माणूस चिडला की त्याला पटलेलंही पटत नाही. घरी येऊन त्यानं साधनाला एवढंच सांगितलं, "उद्या सोडणार म्हंजी सोडणार."

 सकाळी साधनानं भिंगरीपुढं दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली आणि ती घरात निघून गेली.

त्या दिवशी मल्हारला दुपारपाळी होती. गावातल्या जयसिंगचा भाजीचा टेम्पो कुरकुंभकडंच निघाला होता. मागच्या हौद्यात भिंगरीला घेऊन मल्हार बसला. भिंगरी खुशीत होती. वाऱ्याला नाक लावून, कान मागं टाकून ती उभी राहिली. तिला वाटलं असावं, आपल्याला फिरायला नेतात.

औद्योगिक वसाहतीच्या मागं, महामार्गाच्या कडेला एक उजाड माळ आहे. तिथं टेम्पो थांबला. मल्हार भिंगरीला घेऊन उतरला आणि जागीच थबकला. तिथं आधीच कुत्री होती. ती भटकी नव्हती. एकाच्या गळ्यात लाल पट्टा होता. कुणीतरी तो लहानपणी बांधला असणार, कारण आता तो मानेच्या मांसात रुतला होता. दुसरं एक पांढरं कुत्रं रस्त्याकडं तोंड करून बसलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खिडकीत पाहत होतं. गाडी गेली, की पुढच्या गाडीकडं पाहत होतं.

मल्हारनं घाईघाईनं दोरी सोडली, सोबत आणलेली भाकरी लांब फेकली आणि हौद्यात उडी मारली. "चल जयसिंग, काढ गाडी!"

टेम्पो महामार्गाला लागला. भिंगरीनं भाकरीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मागं धावत सुटली. सोललेल्या पायांनी, भर उन्हातल्या डांबरावर, ट्रक-टँकरच्या गर्दीत ती धावत होती, आणि तिची शेपटी हलत होती! तिच्या लेखी हा रोजचाच खेळ होता. गाडीमागं पळायला तिला मल्हारनंच शिकवलं होतं.

एक टँकर कर्कश हॉर्न वाजवत तिच्या अंगावर आला. ब्रेकचा आवाज झाला, धूळ उडाली.

"थांबव! जयसिंग, गाडी थांबव!"

मल्हार चालत्या टेम्पोतून उडी टाकून मागं धावला. टँकरच्या चाकापासून हातभर अंतरावर भिंगरी उभी होती. टँकरवाला हिंदीत शिव्या देत होता. "कुत्ते को मारना है तो घर में मारो ना!" मल्हार रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला. भिंगरीनं धापा टाकत त्याचा हात चाटला, आणि तो साऱ्या महामार्गादेखत हुंदके देऊन रडला.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. टेम्पोतूनच भिंगरीला घेऊन सरळ दौंडच्या दवाखान्यात गेला. तिला बाहेर झाडाखाली जयसिंगजवळ ठेवून तो सावळारामच्या खाटेशी उभा राहिला.

"मामा, न्हाई सोडता आली. घातकी ती न्हाई, मी हाय. तुम्ही हिंडायला लागंपतुर तुमचं दूध मी घालीन."

सावळारामनं नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला. धुरपदानं तेव्हाही तोंड फिरवून घेतलं.

बोलणं सोपं होतं, करणं जड गेलं. रातपाळीवरून आल्यावर कॅन घेऊन घरोघर हिंडायचं, मग भिंगरीकडं बघायचं. घरामागं मेंढरं कोंडायच्या जुन्या वाडग्याची जागा पडून होती. तिथं बापलेकानं बाभळीचे काटे रचून कुंपण केलं. पहिल्याच आठवड्यात भिंगरी त्यावरून उडी मारून पसार झाली. साऱ्या गावाचं तोंड पुन्हा सुटलं. मग मल्हारनं तिला हुडकून आणलं आणि तारेची उंच जाळी लावली. तळवे भरून आल्यावर तिला त्या वाडग्यात मोकळं सोडलं, आणि तिनं असे काही गोल फेरे मारले, की गेणबा हसता हसता खाली बसले.

ऊन तापायच्या आत गेणबा तिला बांधावरून फिरवून आणत. गळ्यात दोरी नाही, छातीभोवती रुंद पट्टा. डांबरी रस्ता वर्ज्य. उसात बिबट्या असतो म्हणून दिवस मावळायच्या आत घरी. दुपारी साधना भाकरीचे तुकडे पेंढ्यात लपवून ठेवी, आणि भिंगरी नाक खुपसून ते हुडकत बसे. त्या हुडकण्यानं ती पळण्याइतकीच दमते, हे पाहून मल्हारला नवल वाटलं. साखळी होती तिथं आता गाय बांधतात.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सावळारामचा पाय बोटभर आखूड राहिला. तो पुन्हा सायकलवर बसला नाही. दूध घालण्याचं काम मल्हारकडं राहिलं ते राहिलंच. धुरपदाचा अबोला अजून पुरता सुटलेला नाही, आणि मल्हार त्याबद्दल कुणाकडं तक्रार करत नाही.

मंडळी, आपण हौसेनं जीव घरी आणतो. त्याची ताकद आपल्याला मिरवायला हवी असते, पण त्या ताकदीला वाट करून द्यायला आपल्याजवळ वेळ नसतो. मग ती वाट दुसऱ्याच्या अंगावरून जाते, आणि आपण मुक्या जनावराला गुन्हेगार ठरवतो! पाळणं म्हणजे बांधून ठेवणं नव्हे. रोज त्याच्यासोबत थोडं चालायची तयारी असेल, तरच त्याला आपल्या दारात आणावं.