शहादेवच्या जीपमधली हलगी

मित्रांनो, तळहातावर मावेन एवढाच माझा जीव. तलवाड्याच्या शहादेवच्या जीपमध्ये, जिथं पूर्वी टेप होता त्या खाचेत मी राहतो. एका कडेनं मी वितळून वाकडा झालो आहे आणि ऊन तापलं की माझ्या अंगाला अजून जळकट वास येतो. नवा प्रवासी नाक मुरडतो. मी संगणक आहे हे त्याला खरं वाटत नाही. संगणकाला पडदा असतो, कळफलक असतो. माझ्याजवळ एक हिरवा दिवा आणि दोन बटणं, एक लाल आणि एक काळं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते गेवराईतल्या एका संगणक वर्गाचं कपाट. वर्ग बंद पडला तेव्हा मोठे संगणक टेम्पोत चढले आणि मी कोपऱ्यात राहिलो. तिथं शिकवणाऱ्या सुनितानं मला रुमालात गुंडाळून घरी आणलं. सुनिता ही शहादेवची सून.

त्याच दिवसांत जीपचा टेप मुका झाला होता. सुनितानं टेप उपसून काढला आणि त्या जागी मला बसवलं. दारातल्या स्पीकरना आणि टपावरच्या भोंग्याला माझ्या तारा जोडल्या. बारीक नखाएवढ्या कार्डावर तिनं गाणी भरली. ते कार्ड म्हणजे माझी गाण्यांची सगळी आठवण.

“मामा,” ती सासऱ्याला म्हणाली, “गाडी लावताना आधी हे काळं बटण दाबायचं. हिरवा दिवा विझू द्यायचा. मग चावी काढायची.”

“अन् न्हाई दाबलं तर?”

“जेवत्या ताटावरून उठवल्यासारखं होतंय त्याला. कार्डावरचं सगळं बिघडतंय.”

“लई लाडाचा गडी दिसतोय,” शहादेव हसला. “मला कुणी ताटावरून उठवलं तर मी न्हाई बिघडत.”

“तुमाला उठवायची कुणाची टाप हाय?” त्याची बायको सरस्वतीबाई चुलीपासून म्हणाल्या.

“आणि इंजिन बंद करून नुसतं ऐकायचं असलं,” सुनितानं पुढं सांगितलं, “तर चावी अर्ध्यावर थांबवायची. ह्याची वीज चालू राहते.”

“चावी एक तर लावायची, न्हाई तर काढायची. अर्धं काम आपल्याला जमत न्हाई.”

आणि खरंच, त्याला ते कधी जमलं नाही. जीप थांबली की तो चावी शेवटपर्यंत फिरवून उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. दिवसातून कितीदा तरी माझा घास तोंडातच राहायचा.

माझ्याजवळचं सगळ्यात मोलाचं गाणं म्हणजे म्हाळूची हलगी. म्हाळू शहादेवचा जोडीदार. त्यानं घरामागं उभं राहून हलगी वाजवली आणि सुनितानं ती टिपून घेतली. ठेका रंगात आला असताना दावणीची शेळी मोठ्यानं ‘में’ करून ओरडली. म्हाळूला हसू आलं, त्याचा हात थांबला. थोडा वेळ सारं शांत, मग परत हलगी. सुनिता ते पुसून टाकणार होती, पण तिची पाच वर्षांची लेक आरोही अडून बसली. “शेळी ऱ्हाऊ दे!”

मग शेळी राहिली. मला जाग आली की पहिल्यांदा हलगीच वाजवायची, अशी सुनितानं मला सवय लावली. संध्याकाळी जीप कालव्याच्या पुलावर आली की शहादेव हलगी लावायचा. लाल बटण त्यासाठीच होतं, पण त्याचा विश्वास चावीवर. मला झटक्यात मारायचा आणि परत जागं करायचा. हलगी ऐकून आरोही घरातून धावत रस्त्यावर यायची. शेळी ओरडली आणि हलगी थांबली की त्या शांततेत ती ‘में’ म्हणायची. रोज. मग आबाच्या, म्हणजे शहादेवच्या, मांडीवर बसून, चाक धरून ती घरापर्यंत यायची. माणसं म्हणायची, शहादेवची जीप दिसायच्या आधी ओळखू येते. तेवढं ऐकलं की मी सगळे झटके विसरायचो.

आता त्या दुपारचं सांगतो.

माघ महिना होता. गेवराईहून परतताना पुलावरूनच धूर दिसला. उभ्या उसावरच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासल्या होत्या आणि ठिणग्या वाळल्या पाचटात पडल्या होत्या. शहादेवनं प्रवासी उतरवले आणि जीप गाडीवाटेला घातली. बांधावर सरस्वतीबाई ऊर बडवत उभ्या होत्या. त्या जनावरांच्या चाऱ्याला उसाचे वाढे आणायला फडात गेल्या होत्या, सोबत आरोही. ऊस तोडणाऱ्यांच्या पोरांबरोबर ती लपंडाव खेळत होती. धूर निघताच बाकीची पोरं बाहेर पळाली.

“आरू कुठंय?” शहादेवनं विचारलं.

सरस्वतीबाईंनी नुसता उसाकडं हात केला.

मित्रांनो, तो ऊस दोन पुरुष उंच होता. आत शिरलेलं पोर हाताच्या अंतरावर असलं तरी दिसत नाही. पलीकडच्या टोकाला आग कडाडत होती आणि वारा इकडंच येत होता. चारी बांधांवरून माणसं ओरडत होती, “आरोही! ए आरोही!” कुणी इकडून, कुणी तिकडून. उत्तर येत नव्हतं. म्हाळू ओलं पोतं पांघरून हातात कोयता घेऊन तयार होता.

“शादेव, कंच्या सरीत शिरू ते सांग बे! चुकीच्या सरीत गेलो तर मी बी तिकडंच ऱ्हातो!”

सांगणार कोण?

शहादेवला हलगी आठवली. त्यानं भोंग्याचा आवाज पुरता चढवला आणि चावी फिरवली. भोंग्यातून हलगी कडाडली. पण जीपचं इंजिन एवढं धडधडत होतं, की पोरीनं हाक दिली तरी ऐकू येईना. म्हणून त्यानं चावी शेवटपर्यंत फिरवली. इंजिन थांबलं आणि मीही मेलो. सगळे कान देऊन उभे राहिले. आगीशिवाय काही नाही.

जीप थोडी पुढं. परत चावी. मला जागं व्हायला वेळ लागतो, बशीत ओतलेला चहा निवावा एवढा. शहादेव माझ्यावर मुठी आपटत होता. “ऊठ की! ऊठ रं!” मी उठलो. हलगी सुरू झाली, ठेका रंगात आला आणि शेळीच्या आधीच त्यानं परत चावी उपसली. पुन्हा शांतता. पुन्हा नुसती आग.

तिसऱ्या वेळी माझ्या कार्डावर काहीतरी तुटलं. मला हलगी सापडेना. मी चाचपडत होतो. धूर जीपमध्ये शिरला होता, माझी कड मऊ पडू लागली होती. हिरवा दिवा लुकलुकत राहिला आणि शहादेव त्या दिव्याकडं डोळे फाडून बघत राहिला. अखेर हलगी सापडली. पहिली थाप पडली आणि त्याचा हात चावीकडं गेला.

“मामा, हात काढा!”

सुनिता विहिरीवर पाण्याची मोटर चालू करायला गेली होती. तिथून तिला हलगी सुरू होताना आणि तुटताना ऐकू येत होती. ती ढेकळांतून धावत आली आणि तिनं सासऱ्याचं मनगट धरलं.

“शेळीपतोर जाऊ द्या! पोरगी शेळीला उत्तर देते, हलगीला न्हाई!”

“इंजिनात कसं ऐकू येईल गं?”

“अर्ध्यावर. चावी अर्ध्यावर थांबवा.”

आयुष्यभर न केलेलं काम शहादेवनं केलं. चावी अर्धी मागं घेतली आणि तिथंच दाबून धरली. इंजिन थांबलं. मी जिवंत राहिलो. हलगी एकटीच उसावरून चालली. बांधावरच्या माणसांना सरस्वतीबाईंनी ओरडून गप्प केलं.

शेळी ओरडली. म्हाळूचा जुना हात थांबला. ती शांतता मी शेकडो वेळा वाजवली होती. इतकी लांब ती कधीच वाटली नव्हती.

“में.”

बारीक, खोकल्यानं तुटलेला आवाज. डाव्या हाताला, विहिरीच्या अंगानं.

म्हाळू त्या सरीत घुसला. मी हलगी वाजवत राहिलो, कारण पोरगी आता तिच्याकडंच सरकत होती. ऊस हलताना दिसत होता. आग सरीच्या पलीकडं आली तेव्हा म्हाळू बाहेर पडला, पोत्यात आरोही. तिच्या भुवया करपल्या होत्या, बाकी अंगाला चटकाही नव्हता.

“इतक्या हाका मारल्या, बोलली कावून न्हाईस?” शहादेवनं तिला कवटाळून विचारलं.

“समदे माझं नाव घेत व्हते,” ती खोकत म्हणाली. “सापडले असते तर राज्य माझ्यावर आलं असतं.”

घरी पोचल्यावर शहादेवला कशाचंच भान नव्हतं. त्यानं चावी उपसली आणि नातीला उचलून आत नेलं. तो माझा शेवटचा झटका. दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही. शहादेव जीपमध्ये बसून राहिला. प्रवासी ताटकळले. “मला पोर दिलं यानं,” तो सुनेला म्हणाला, “अन् मी यालाच मारलं की गं.”

सुनितानं नवं कार्ड घातलं, म्हणून मी आज बोलतो आहे. पण जुनी गाणी गेली, हलगीही गेली. ती म्हातारी शेळी तोवर मेली होती. म्हाळूनं परत घरामागं उभं राहून हलगी वाजवली. ठेका रंगात आल्यावर तो आपणहून थांबला आणि त्या जागी आरोहीनं ‘में’ केलं. आता संध्याकाळी पुलावर शहादेव लाल बटण दाबतो. आरोहीच्या आवाजाला आरोहीच उत्तर देत धावत येते.

मित्रांनो, आम्ही यंत्रं तोंडानं काही मागत नाही. आम्हाला पुसून लखलखीत ठेवा, असंही माझं म्हणणं नाही. फक्त आमचं काम संपू द्या आणि मग आम्हाला मिटा. तेवढा दम धरला तर आम्ही वेळेला तुमच्या उपयोगी पडू.

हल्ली स्टँडवर जीप लागली की शहादेव काळं बटण दाबतो आणि चावीवरचा हात काढून घेतो. परवा एक घाईतला प्रवासी म्हणाला, “मालक, उतरा की. कुणाची वाट बघताय?”

“तुमी व्हा पुढं,” शहादेव म्हणाला. “आमचा माणूस अजून ताटावर हाय.”

मग दिवा विझला.